पाऊणशे वर्षे चाललेली आयर्लंडची संगीत जत्रा



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे, खोडव्यातली तुटाळी, पाचट, हुमणी असल्या विषयांवर लिहीत असतो. या अंकात मात्र गाण्याबजावण्याचा विषय घेतला आहे. काही जण म्हणतील, "साहेबांनी ऊस सोडून हे काय काढलं?" आमचं शिक्षण शेतीच्या पदविकेचं; संगीतातला आमचा अधिकार काही नाही. पण हा विषय जितका गाण्याचा आहे तितकाच संस्था चालवण्याचा आहे, म्हणून तो सभासदांच्या वार्तापत्रात शोभेल असं आम्हाला वाटतं.

गटागटांतून फिरताना एक तक्रार वारंवार कानावर येते. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एकच म्हातारबाबा उरलेत. पेटी माळ्यावर धूळ खात पडली आहे. भारुडं, गवळणी तोंडपाठ असणारी माणसं सत्तरीच्या पुढं गेली. सप्ताह जवळ आला की बाहेरगावचे भजनी पैसे देऊन आणावे लागतात. मग पारावर चर्चा होते आणि शेवटी कोणी तरी म्हणतं, "काळच बदलला, त्याला कोण काय करणार?"

काळ सगळ्या जगातच बदलला. पण एका लहान देशातल्या साध्या माणसांनी याच दुखण्यावर १९५१ साली एक इलाज सुरू केला आणि तो आजही चालू आहे. तो इलाज काय होता, कुठं अडखळला आणि कशामुळं टिकला, हे क्रमाने सांगतो.

देश कोणता, वाद्ये कोणती

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचं बेट. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा थोडं मोठं. पाऊस जवळजवळ बारमाही, कुरणं हिरवीगार आणि शेतीचा मुख्य धंदा गाईगुरांचा व दुधाचा. बेटाचा मोठा भाग १९२२ साली ब्रिटिश राजवटीतून मोकळा झाला. ईशान्येकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. त्यांना उत्तर आयर्लंड म्हणतात. सहकाराशी या लोकांची ओळख आपल्या आधीची आहे. होरेस प्लंकेट यांच्या पुढाकाराने १८८९ साली लिमरिक जिल्ह्यात तिथली पहिली सहकारी लोणी डेअरी निघाली. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा आला तो १९०४ साली.

तिथलं लोकसंगीत मुख्यतः नाचाच्या चालींचं आणि गाण्यांचं. चाल लहान असते, बहुधा दोन तुकड्यांची. प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा, पुन्हा पहिल्यावर यायचं आणि मन भरलं की न थांबता दुसरी चाल धरायची. सगळे वादक एकच चाल मिळून वाजवतात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. लाकडी बासरी, पत्र्याची शिट्टीसारखी बासरी, हातात धरून दाबायची छोटी पेटी, आणि बौरान नावाचा आपल्या डफासारखा चामड्याचा बाजा. सर्वांत अवघड वाद्य इलन पाइप्स. त्यात लोहाराच्या भात्यासारखा लहान भाता असतो, तो कोपराखाली धरून हवा भरायची आणि बोटांनी स्वर काढायचे. हे सगळं शिकायचं कानाने. बापाचं ऐकून मुलगा, शेजाऱ्याचं ऐकून शेजारी, असंच ते शेकडो वर्षं चाललं. आपल्या भजनाची पेठ वेगळी, पण वहिवाट हीच.

जत्रेचं नाव आहे 'फ्ला क्योल'. त्यांच्या भाषेत फ्ला म्हणजे मेजवानी, उत्सव. क्योल म्हणजे संगीत. आम्ही सोयीसाठी तिला संगीत जत्रा म्हणू.

आधीचे प्रयत्न का फसले

संगीत बुडतंय ही ओरड आयर्लंडमध्ये जुनीच होती. १७९२ सालच्या जुलै महिन्यात बेलफास्ट शहरातल्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी हार्प या तंतुवाद्याचे जुने वादक एकत्र बोलावले. दहा आयरिश वादक आले. कित्येक जण वयोवृद्ध, कित्येक अंध. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला त्यांच्या चाली टिपून घेण्याचं काम दिलं होतं. त्याने ते मनापासून केलं आणि त्या चाली पुढे छापून आल्या. म्हातारे बक्षिसं घेऊन घरी गेले.

त्यानंतर १८०८ साली बेलफास्टमध्ये अंध मुलांना हार्प शिकवणारी संस्था निघाली. वर्गणीदारांचा हात आखडला आणि पाचेक वर्षांत ती बंद पडली. १८१९ साली पुन्हा सुरू झाली, ती कशावर म्हणाल? त्या वेळी भारतात नोकरीला असलेल्या आयरिश साहेबांनी गोळा करून पाठवलेल्या पैशांवर. तो पैसा संपला, १८३९ साली शाळाही संपली आणि ती जुनी वादनपरंपरा हळूहळू विझली. चाली कागदावर राहिल्या, वाजवणारे हात गेले.

पुढे याहून मोठा घाव बसला. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरिबांचं पोट त्याच एका पिकावर. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त परदेशी गेली. १८४१ साली ज्या बेटावर ८१ लाखांवर लोक होते, तिथली गावंच्या गावं ओस पडली. गाणारे, वाजवणारे त्यांतच गेले. म्हणूनच आयरिश चालींचा एक मोठा संग्रह निघाला तो थेट अमेरिकेत. कॉर्क जिल्ह्यातून गेलेले फ्रान्सिस ओ'नील हे शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. त्यांनी तिथल्या आयरिश लोकांकडून चाली गोळा करून १९०३ साली १८५० चालींचं पुस्तक छापलं. काम फार मोठं. पण पुस्तक म्हणजे गोदामातलं बियाणं. पेरणारा असला तरच त्याचा उपयोग.

स्वातंत्र्यानंतरही दिवस पालटले नाहीत. खेड्यात संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं, चुलीपाशी फिडल काढायचं आणि फरशीवर नाचायचं, अशी रीत होती. १९३५ साली सरकारने सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. प्रत्यक्षात पाद्री आणि पोलीस यांनी त्याच्या आधाराने घरगुती बैठकींवरही दबाव आणला. नाच परवान्याच्या सभागृहांत गेला, तिथं नव्या धर्तीचे बँड आले, आणि घरातलं वाद्य खुंटीला टांगलं गेलं. त्यात रोजगार नाही. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत त्या छोट्या प्रजासत्ताकातून जाणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा सुमारे चार लाखांनी जास्त होती. गावात मागे राहिले म्हातारे. तरुणांना फिडल म्हणजे गावंढळपणा वाटू लागला. काखेत फिडलची पेटी घेऊन रस्त्यानं जायची लाज वाटायची, असं त्या काळचे वादक सांगत.

मलिंगर, १९५१

डब्लिन शहरात पाइप वाजवणाऱ्यांचा एक जुना क्लब होता. लिओ राउसम हे त्याचे अध्वर्यू. स्वतः पाइप बनवणारे कारागीर, वादक आणि शिक्षक. या क्लबच्या मंडळींची आणि देशाच्या मध्यभागी असलेल्या मलिंगर गावच्या संगीतप्रेमींची १९५१ च्या जानेवारीत मलिंगरला बैठक झाली. त्यातून देशभरच्या वादकांची एक संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी तिला 'कोल्तस क्योल्तोरी एरन' हे नाव मिळालं, म्हणजे आयर्लंडच्या वादकांचा संघ. आम्ही तिला पुढे नुसतं 'संघ' म्हणतो. त्याच वर्षी मे महिन्यातल्या सणाच्या सुट्टीत मलिंगरला पहिली संगीत जत्रा भरली.

आपल्याकडचा काळ आठवून पाहा. अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. जवळजवळ त्याच महिन्यांत तिकडे हे घडत होतं. तिथं भांडवल होतं ते गावोगावच्या माणसांच्या बोटांतल्या चालींचं.

पहिल्या जत्रेला काही शेकडा माणसं आली. यात नवल करण्याजोगं काही नव्हतं. नवल पुढेच झालं. आपल्यासारखे वेडे दुसऱ्या जिल्ह्यातही आहेत, हे या लोकांना तिथं पहिल्यांदा दिसलं. डोंगरापलीकडची तीच चाल वेगळ्या वळणाने वाजते हे ऐकायला मिळालं. घरी जाऊन त्यांनी आपापल्या गावी शाखा काढल्या. १९५६ साली क्लेअर जिल्ह्यातल्या एनिस गावी जत्रा भरली तेव्हा ती राष्ट्रीय उत्सव झाली होती. त्या सुमारास तिथल्या नभोवाणीचे लोकही ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन खेडोपाडी फिरू लागले होते, त्याचाही मोठा हातभार लागला.

एनिसच्या त्या जत्रेत क्लेअर जिल्ह्याच्याच दोन गावांच्या वाद्यपथकांची चुरस गाजली, किलफेनोरा आणि टला. किलफेनोराचं पथक १९०९ साली गावच्या चर्चवरचं कर्ज फेडण्यासाठी पैसे उभे करायला निघालेलं. त्यांनी १९५४, १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन वर्षं अखिल आयर्लंडचं पहिलं बक्षीस मिळवलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९९३, १९९४ आणि १९९५ साली, त्याच लहान गावाच्या पथकाने पुन्हा लागोपाठ तीनदा ते जिंकलं. वाजवणारी पिढी वेगळी, गाव तेच. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी नोंद आहे.

ही जत्रा चालते कशी

आता मुद्द्याची गोष्ट. संघाची रचना आपल्या सभासदांना चटकन कळेल. खाली गावची शाखा. शाखांची मिळून जिल्हा समिती. जिल्ह्यांची मिळून प्रांतिक समिती; प्रांत चार. त्यावर मध्यवर्ती मंडळ आणि दरवर्षी सर्व शाखांच्या प्रतिनिधींचं अधिवेशन. १८८४ साली थर्लस गावी स्थापन झालेल्या त्यांच्या देशी खेळांच्या संघटनेचीही घडण अशीच, गावाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून देशाकडे जाणारी. लोकांच्या अंगवळणी पडलेली वाट संगीतवाल्यांनी धरली.

स्पर्धाही याच शिडीने चढतात. वाद्यावाद्याची स्पर्धा वेगळी, गाण्याची वेगळी, पथकांची वेगळी, नाचाची वेगळी. वयोगट चार: बारा वर्षांच्या आतले, बारा ते पंधरा, पंधरा ते अठरा आणि अठरावरचे. जिल्ह्यात पहिला आणि दुसरा आलेला प्रांताला जातो. प्रांतातले पहिले दोन शेवटच्या जत्रेला. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांच्याही शाखा आहेत, त्यांच्या निवडीच्या जत्रा तिकडेच होतात आणि तिथली मुलं ऑगस्टमध्ये आजोबांच्या देशात वाजवायला येतात. सगळ्या मिळून चारशेच्या वर शाखा आज आहेत.

शिडीचा फायदा असा की देशाच्या जत्रेला एक मूल पोहोचतं तेव्हा त्याच्यामागे खालच्या पायरीवर कितीतरी मुलं वर्षभर रियाज करून गेलेली असतात. बक्षीस एकालाच मिळतं, चाली मात्र सगळ्यांच्या बोटांत बसतात.

आम्ही बेण्याचं उदाहरण देऊ. मूलभूत बेणे, पायाभूत बेणे, प्रमाणित बेणे असा त्रिस्तरीय बेणेमळा आपण का करतो? खोडव्यावर खोडवा घेत गेलं की ऊस हटतो, उतारा पडतो, रोग शिरतो. वरच्या वर तुटाळी सांधून किती दिवस चालणार? केव्हा तरी निरोगी बेण्याची नवी लागण करावीच लागते. गावच्या शाखेतला आठवड्याचा वर्ग हा त्या लोकांचा बेणेमळा. एका ठरलेल्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत किंवा सभागृहात मुलं जमतात. पूर्वी गावातले म्हातारे फुकट शिकवत; आता बऱ्याच ठिकाणी मानधन देऊन शिक्षक नेमतात. १९७२ पासून जत्रेच्या आठवड्यातच एक मोठं शिबिरही भरतं. तिथं दिवसभर नामवंत वादकांकडून शिकायचं आणि संध्याकाळी रस्त्यावर जाऊन वाजवायचं.

रस्त्यावरचं वाजवणं हाच जत्रेचा खरा रंग. स्पर्धा बंद दाराआड शाळांच्या खोल्यांत होतात. बाहेर चौकात, दुकानाच्या पायरीवर, खाणावळीत, दारूच्या गुत्त्यात चार-पाच जण गोल करून बसतात. कोणी कोणाला ओळखत नसतो. एक जण चाल धरतो, बाकीचे सामील होतात. दहा वर्षांची पोर आणि ऐंशीचा म्हातारा शेजारी शेजारी बसून वाजवतात. तिकीट नाही, व्यासपीठ नाही.

गावोगावी फिरती जत्रा

जत्रेला कायमचं गाव नाही, ही दुसरी महत्त्वाची बाब. मलिंगरनंतर १९५२ साली मोनाहन, १९५३ साली अथलोन, १९५४ साली कॅव्हन, अशी ती फिरत राहिली. यजमानपद पाहिजे असेल तर गावच्या शाखेने मागणी करायची, गावाने समिती करायची, राहण्याजेवण्याची, शाळांच्या खोल्यांची, वाहतुकीची, सफाईची सोय दाखवायची. लिस्टोएल हे केरी जिल्ह्यातलं पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. त्याने ही जत्रा अनेकदा पेलली. अलीकडे तयारीचा खर्च वाढल्याने एकाच गावाला लागोपाठ दोन-तीन वर्षं देतात. कॅव्हनला २०१०, २०११ आणि २०१२ साली होती. स्लायगोला २०१४ आणि २०१५ साली. एनिसला २०१६ आणि २०१७ साली.

आज आठवडाभरात लाखो माणसं येऊन जातात, असं संयोजक सांगतात. एवढ्या माणसांना वाट दाखवणं, स्पर्धकांच्या याद्या लावणं, खोल्यांवर थांबणं, रात्री कचरा उचलणं, यासाठी गावातले शेकडो लोक बिनपगारी राबतात. पैसा येतो तो सभासद वर्गणी, प्रवेश फी, मैफलींची तिकिटं, व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि सरकारी अनुदान यांतून. सरकारी मदत आज चांगली मिळते, हे सांगितलं पाहिजे. पण सुरुवात तिच्यावर झाली नाही, हेही तितकंच खरं. १८१९ च्या हार्पशाळेत आणि या जत्रेत फरक पडला तो इथं.

संकटं आणि मतभेद

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. साठच्या दशकात गर्दी वाढली तसे संगीताशी काही देणंघेणं नसलेले घोळकेही येऊ लागले. दारू, दंगा, उघड्यावर झोपणं, दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर बाटल्यांचा खच. वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि काही गावकऱ्यांना वाटू लागलं की ही ब्याद नको. आपल्याकडच्या जत्रांमधून हे सगळं आपण पाहिलेलं आहेच.

दुसरं संकट राजकारणाचं. ९ ऑगस्ट १९७१ रोजी उत्तर आयर्लंडात खटला न चालवता माणसं स्थानबद्ध करण्यास सुरुवात झाली. देशभर क्षोभ उसळला. संघाने निषेध म्हणून त्या वर्षीची जत्राच रद्द केली. या निर्णयावर मंडळींत मतभेद झाले. संगीताच्या संस्थेने राजकारणात पडावं का, हा वाद तिथं बराच काळ चालला. पुढच्या वर्षी मात्र लिस्टोएलला जत्रा भरली. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे नेहमीसारखी जत्रा भरू शकली नाही. त्याही वेळी शाखांचे वर्ग दूरध्वनी-संगणकावरून चालू राहिले आणि २०२२ साली ती पुन्हा जिथं जन्मली त्या मलिंगरलाच भरली.

तिसरी तक्रार जाणकारांची आहे आणि ती आम्हाला जास्त विचार करण्याजोगी वाटते. स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की मुलं त्यांना आवडेल तसं वाजवतात. त्यामुळं प्रत्येक भागाचं स्वतःचं वळण पुसट होतं. स्लायगोचं फिडल वेगळं, डोनेगलचं वेगळं, कॉर्क-केरीच्या सीमेवरचं वेगळं. सगळे एकसारखे वाजवू लागले तर गेलं काय आणि राहिलं काय? आपल्या शेतीत हे आपण अनुभवलं आहे. एके काळी जिकडे तिकडे को ७४०, नंतर को ८६०३२. चांगली जात पसरते तेव्हा सगळ्यांचा फायदा होतो, पण एकाच जातीवर सगळं शिवार उभं केलं की रोगाची एक लाट पुरते. म्हणून तिथले समंजस लोक स्पर्धेबरोबर रस्त्यावरच्या बैठकी आणि गावचे जुने वादक यांनाही तितकाच मान देतात. १९७३ सालापासून क्लेअरमधल्या मिलटाउन मलबे गावी विली क्लॅन्सी या दिवंगत पाइपवादकाच्या स्मरणार्थ उन्हाळी शाळा भरते. तिथं स्पर्धा ठेवलेली नाही, नुसतं शिकणं आणि वाजवणं. दोन्ही वाटा आज नांदत आहेत.

थर्लसचा साखर कारखाना

मघाशी थर्लस गावाचं नाव आलं. या गावात १९५९ आणि १९६५ साली संगीत जत्रा भरली. त्याच गावात बीटपासून साखर करणारा कारखाना होता. १९३४ साली सुरू झालेला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी दोन-दोन पिढ्या तिथं बीट घातलं. १९८९ साली तो बंद झाला. टूम गावचा कारखाना त्याआधीच, १९८६ साली बंद पडला होता. कार्लोचा २००५ साली आणि शेवटचा मॅलोचा २००६ साली बंद झाल्यावर आयर्लंडमधला साखर धंदाच संपला.

हे कारखाने सरकारी कंपनीचे होते; पुढे १९९१ साली कंपनीचे शेअर खासगी झाले. युरोपातलं साखरेचं धोरण बदललं, हिशोब बसेना, आणि बंद करण्याचा निर्णय वर झाला. बीट पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक नव्हता. तो मोर्चे काढू शकला, मतदान करू शकला नाही. जत्रेचं उलट. तिचे निर्णय, चुकीचे असोत की बरोबर, वादकांच्या स्वतःच्या संघाने घेतले. मध्ये एक वर्ष खंड पडला तरी पुढच्या वर्षी ती उभी राहिली, कारण खाली शाखा जिवंत होत्या.

यावरून सहकारी पाटी लावली की झालं, असा अर्थ कोणी काढू नये. पाटी सहकारी असूनही बंद पडलेले कारखाने आपल्या राज्यात आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. सभासद फक्त ऊस घालायला आणि सभेच्या जेवणाला येत असेल, तर मालकी कागदावर राहते. मालकी टिकते ती कामात हात घातल्याने.

दोन्ही समाज एका चौकात

२०१३ साली ही जत्रा पहिल्यांदा उत्तर आयर्लंडात, डेरी शहरात भरली. या शहराने धर्म आणि राजकारणापायी फार रक्त पाहिलं होतं. आयरिश लोकसंगीत म्हणजे कॅथलिक समाजाचं, आणि फ्लूट व ढोलाची संचलन पथकं म्हणजे प्रॉटेस्टंट समाजाची, अशी वाटणी तिथं लोकांच्या मनात पक्की होती. त्या वर्षी प्रॉटेस्टंट समाजातल्या पथकांनीही जत्रेत भाग घेतला आणि चौकातल्या लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या. भांडण संपलं असं कोणी म्हणणार नाही. पण तीस वर्षांपूर्वी जे कोणाच्या स्वप्नात आलं नसतं, ते घडलं. २०२६ सालच्या जत्रेसाठी बेलफास्टची निवड झाली. दहा हार्पवादकांना बोलावून १७९२ साली जिथं पहिला प्रयत्न झाला, तेच हे शहर.

आपण यातून काय घ्यायचं

त्यांचं संगीत वेगळं, हवा वेगळी, धर्म वेगळा. त्यांची जत्रा जशीच्या तशी उचलून इथं बसणार नाही, आणि बसवूही नये. पण काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

गावच्या भजनी मंडळाने आठवड्यातली एक संध्याकाळ मुलामुलींसाठी बांधून घ्यावी. सप्ताहाच्या तोंडावर आठ दिवस पळापळ करण्यापेक्षा वर्षभर दर गुरुवारी एक तास जास्त कामाचा. पखवाज, पेटी, टाळ, चाली, जे गावात शिल्लक आहे ते.

मुलींना मागे बसवू नये. घरातल्या ओव्या, भोंडल्याची गाणी बायकांनीच जपली आहेत. त्यांचा वर्ग त्यांनीच घ्यावा.

जवळच्या पाच-सहा गावांनी मिळून वर्षातून एक बैठक ठेवावी आणि ती पाळीपाळीने फिरवावी. एकाच गावाला कायमची दिली तर बाकीची गावं पाहुणी होतात. वयोगट करावेत, म्हणजे लहान पोर मोठ्याशी तोलून हिरमुसणार नाही. बक्षीस लहान असलं तरी चालेल.

एका धनवंतावर किंवा एका पुढाऱ्यावर विसंबू नये. त्यांनी दिलं तर आनंदाने घ्यावं. पण घरटी दहा-वीस रुपयांची वर्गणी असावीच. ज्याचे दहा रुपये आहेत, तो सभेला येऊन हिशोब विचारतो, आणि विचारलेला हिशोब संस्थेला निरोगी ठेवतो.

आणि शेवटची गोष्ट, जिला वेळ नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या चाली येतात, त्यांचं गाणं या हंगामातच मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. तेवढ्यावर थांबू नका. बंटिंगने आणि ओ'नीलने लिहून ठेवलं म्हणून चाली वाचल्या, हे खरं. पण त्या पुन्हा वाजू लागल्या त्या मलिंगरनंतर, गावोगावच्या पोरांच्या हातांनी. म्हणून मुद्रण करताना शेजारी दोन मुलं बसवा आणि बाबांना सांगा, "यांना शिकवा."

आडसाली लागणीबद्दल पुढच्या अंकात लिहू. बेणे निवडताना डोळा आणि कांडी नीट पाहून घ्या.

— ऊस विकास अधिकारी